ठासणीच्या बंदुकीला बारूद कोणती: जुनी काळी की अमेरिकेतली नवी?

आर्वी तालुक्यात आमचं वावर आहे आणि घरी आज्याच्या काळची भरमार, म्हणजे नळीच्या तोंडातून बारूद ठासून भरायची बंदूक. परवाना पीक संरक्षणाचा. 1959 च्या शस्त्र कायद्यात पिकाच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेखच आहे. रानडुकरं अन् रोही (नीलगायी) तुरीचं काय करतात ते कास्तकाराला सांगायची गरज नाही. पण जनावर मारायचं तर वनखात्याची परवानगी लागते, म्हणून मी जागलीवर नुसता बार काढतो. मला आवाज पाहिजे अन् धूर पाहिजे, बस.

यंदाच्या हिवाळ्यात भाच्याकडे पेनसिल्व्हेनियाला गेलो होतो. त्याला या बंदुकांचं भलतंच वेड. तिकडे नाताळ झाला की हरणाच्या शिकारीचा एक खास हंगाम असतो, त्यात चकमकीचीच, म्हणजे गारगोटीच्या ठिणगीनं पेटणारी, बंदूक चालते. वर त्यांच्या केंद्राच्या कायद्यात अशी जुन्या धाटणीची ठासणीची बंदूक 'फायरआर्म'मध्ये मोडतच नाही म्हणे. नूतनीकरणासाठी चपला झिजवणाऱ्या माणसानं हे ऐकून काय बोलावं!

भाच्याकडे एक चकमकीची, एक टोपीची, म्हणजे घोडा आपटला की फुटणाऱ्या छोट्या टोपीनं पेटणारी. "मामा, तुमी सगळ्या बारूदी वाजवून पाहा, मंग सांगा," म्हणाला. तेच सांगतो.

काळी बारूद म्हणजे आपलीच ती, सोरा, कोळसा अन् गंधक. त्याच्याकडे गोएक्स छापाचा डबा होता. चकमक पडली की लगेच भडका, बार दणदणीत, धूर असा की समोरचं निशाण दिसेना. दाण्याचे नंबर असतात, जितके 'एफ' जास्त तितका दाणा बारीक. चार 'एफ'ची भुकटी फक्त नळीच्या कानाजवळच्या, म्हणजे पेटवायच्या भोकाजवळच्या, पेल्यात घालायची, नळीत नाही.

खरं काम बार झाल्यावर. या बारुदीचा निम्म्याहून जास्त भाग जळूनही घनच राहतो अन् नळीला चिकटतो. ती राख हवेतली ओल ओढते. भाचा नळीचं बूड बादलीत ठेवतो, गजाला चिंधी गुंडाळून वरखाली करतो, गरम पाणी आत चढतं-उतरतं. पहिलं पाणी शाईसारखं निघतं अन् सडक्या अंड्याचा वास अंगणभर. पाणी निवळेपर्यंत तेच करत राहायचं, मग नळी गरम असतानाच कोरडी करून तेल. आपल्याकडे श्रावणात हे दुसऱ्या दिवसावर टाकलं तर नळी तांबूस झालीच समजा.

पायरोडेक्स ही काळीच्या बदल्यात वापरायची अमेरिकेतली बारूद 1970 च्या दशकात आली. दिसायला करडी, वजनाला हलकी, म्हणून ती तोलायची नाही. काळ्या बारुदीचं जे माप, त्याच मापानं भरायची. टोपीच्या बंदुकीत मस्त वाजली. पण तिला पेटायला जास्त आच लागते, त्यामुळे चकमकीच्या बंदुकीत भाचा ती घालतच नाही. धुण्यातून सुटका नाही ती नाहीच. तिच्यात परक्लोरेट नावाचं रसायन असतं, त्याचा क्षार मागे राहतो अन् लोखंड खातो.

ट्रिपल सेव्हन ही तशीच आणखी एक बारूद. तिच्यात गंधक नाही, म्हणून तो वास नाही, अन् साध्या पाण्यानं नळी लवकर साफ होते. मला बायकोच्या दृष्टीनं हीच बरी वाटली! मात्र ती जोरकस आहे. त्याच मापात भरायची तर 15 टक्के कमी घ्यावी लागते. नळीत जिथं बारूद बसते तिथं राखेची कडक कडी धरते अशीही तिच्याबद्दल ओरड असते.

ब्लॅकहॉर्न 209 या बारुदीबद्दल बोलून उपयोग नाही. तिला काडतुसाचा 209 नंबरचा प्रायमर, म्हणजे बारूद पेटवणारी जोरकस टोपी लागते, आपल्या टोपीचं ते काम नव्हे.

आता एक गोष्ट खडसावून सांगतो. काडतूस फोडून त्यातली बिनधुराची बारूद भरमारीत घालणारे महाभाग आपल्याकडे आहेत. नळी फाटते, बोटं जातात. हा प्रयोग कोणी करू नये.

माझं मत विचाराल तर आपल्या कामाला काळीच. डुकरं पळवायला आवाज अन् धूर ती भरपूर देते, जुन्या टोपीवर पेटते अन् परवानाधारक दुकानात परवान्यावर मिळते. धुण्याचा त्रास नव्या बारुदीनं पूर्ण वाचला असता तर वेगळा विचार केला असता. गावात दोघा-तिघांनी "भाच्यापासून एक डबा बोलाव ना" म्हटलं. बाबांनो, बारूद विमानात हातातल्या सोडा, खालच्या सामानातही चालत नाही.

मी आणलं ते पितळी माप. सरकती दांडी, वर ग्रेनचे आकडे, दांडी जागेवर आवळायला छोटा स्क्रू. 1 ग्रॅम म्हणजे साधारण 15 ग्रेन. बाटलीच्या झाकणानं अंदाजे बारूद ओतणाऱ्यांनी आधी असलं एखादं माप घ्यावं. डब्यातून थेट नळीत ओतणं तर सोडाच. आत ठिणगी राहिली असेल तर अख्खा डबा हातात फुटतो.