ग्लेझ पेनच्या नावावर रंग विकतायत, कुंभारकामवाल्यांनी घेण्याआधी हे वाचा

व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एक फोटो फिरतोय, लाल झाकणाच्या पाच बाटल्या, प्रत्येकीला वेगळ्या जाडीची सुई आणि बाजूला निळ्या रेघांचा चकाकणारा कप. खाली लिहिलंय, "खुर्जा फॅक्टरी डायरेक्ट, सिरॅमिक ग्लेझ पेन, भट्टीत पक्का". (खुर्जा म्हणजे चिनी मातीच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध गाव, आणि ग्लेझ म्हणजे भांड्यावरचा लेप, जो भट्टीत काचेसारखा पक्का होतो.) कोणी घ्यायच्या विचारात असाल तर आधी थांबा, आमचे 4,200 रुपये तर गेलेच पण भरलेली अख्खी भट्टी वाया गेली, आणि त्याचा राग अजून जात नाही.

आम्ही चंद्रपूर जिल्ह्यातले, भद्रावतीजवळच्या गावचे. भद्रावतीला सिरॅमिकचं काम जुनं, माझा नवरा तिथंच शिकला. सासरे माठ-मडकी करतात, आम्ही दोघं छोट्या इलेक्ट्रिक भट्टीवर कप-वाट्या करतो. ताडोब्याकडच्या एका रिसॉर्टची कपांची ऑर्डर होती, त्यांना कडेखाली बारीक निळी रेघ पाहिजे होती. आता ब्रशनं ती एकसारखी येत नाही, कारण एकदा भाजलेला कोरा कप पाणी लगेच पिऊन घेतो, ग्लेझ सुकतं न ब्रश मधेच अडतो. त्यासाठी रबरी फुगा नाहीतर मऊ बाटली असते, तिला बारीक सुई, कप चाकावर हळू फिरवत दाबत जायचं, रेघ जरा उठावदार येते. तेच सामान पाहिजे होतं म्हणून त्या नंबरवर फोन केला.

माणूस बोलायला एकदम गोड. "ताई, 1200 डिग्रीला टिकते, गॅरंटी माझी." कॅश ऑन डिलिव्हरी नाही म्हणे, बिल पार्सलमधेच येईल म्हणे. पैसे गेल्यावर वरून म्हणतो, 500 रुपये प्रोसेसिंग द्या, विश्वकर्माच्या व्हाउचरमधे बसवून देतो. हे साफ खोटं आहे. पीएम विश्वकर्मा या केंद्राच्या कारागिरांसाठीच्या योजनेत टूलकिटसाठी 15,000 रुपयांपर्यंतचं ई-व्हाउचर आहे, कुंभार योजनेतल्या 18 व्यवसायांत येतात, पण ते व्हाउचर नोंदणी आणि पडताळणी होऊन सरकारकडून मिळतं, कोण्या विकणाऱ्याला त्याचे पैसे द्यायचे नसतात. ते 500 आम्ही दिले नाही.

पार्सल आलं त्यात बिल नाही. पाकिटावर पाठवणाऱ्याचा पिनकोड 1 नं सुरू होणारा, म्हणजे दिल्ली-हरियाणा-पंजाब पट्ट्यातला. खुर्जा उत्तर प्रदेशात आहे, तिथले पिनकोड 2 नं सुरू होतात.

रेघा मात्र अशा सुंदर उठल्या की बघत राहावं. भट्टी उघडली तर रेघच नाही! जिथं निळं होतं तिथं राखाडी डाग, ग्लेझमधे सुईच्या टोकाएवढी भोकं, काही कपांवर ग्लेझ आक्रसून खालची माती उघडी पडलेली. वरून तपकिरी ठिपके, कारण सुया साध्या लोखंडाच्या, आतून गंजलेल्या, आणि ग्लेझमधे गंज गेला की भट्टीत ठिपका येणारच. सासऱ्यांनी बाटलीतला थेंब बोटावर चोळला न म्हणाले, "हा त भिताडाचा रंग होय वं पोरी, काच कुठी हाये याच्यात?"

तेच खरं होतं. ग्लेझ म्हणजे सिलिका, फेल्डस्पार, माती यांची भुकटी पाण्यात कालवलेली, निळ्यासाठी त्यात कोबाल्ट ऑक्साइड, ती भट्टीत वितळून काच होते. त्या बाटलीत ॲक्रिलिक होतं, म्हणजे प्लास्टिकच, ते 1200 तर सोडाच, त्याच्या निम्म्यातच जळून जातं आणि जळताना जो धूर-वायू निघतो तो ग्लेझ खराब करतो.

ओळखायला सोपं आहे. फुटक्या खापरीवर एक थेंब सुकू द्या, नखानं खरवडा. ग्लेझ असेल तर भुकटी निघते आणि ओल्या बोटानं पुसलं जातं, ॲक्रिलिक असेल तर रबरासारखी साल निघते, पाण्यानं जात नाही. ती साल चिमट्यात धरून काडी लावली की जळक्या प्लास्टिकचा वास येतो. सुई रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवा, सकाळी गंज दिसला तर वापरू नका. आणि पास झालं तरी ती खापरी आधी एकदा भट्टीत घालून बघायचीच, मगच कपांना हात लावायचा.

पैसे परत मागितले तर त्यानं क्यूआर कोड पाठवला, "स्कॅन करून पिन टाका, रिफंड येईल". हा दुसरा सापळा आहे, पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, पिन टाकला की आपल्याच खात्यातून जातात. नवऱ्यानं तिथंच फोन ठेवला न 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली. तुमच्यासोबत झालं तर 1930 ला लगेच लावा, लवकर कळवलं तर रक्कम पुढं जायच्या आत अडवता येऊ शकते. ग्राहक हेल्पलाइन 1915 आहे. चॅट, पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट आणि पार्सलचं पाकीट फेकू नका.

आमचे पैसे अजून आलेले नाहीत. रिसॉर्टवाल्यांनी मुदत वाढवून दिली, रेघा आता साध्या रबरी फुग्यानं मारतोय, आपलंच ग्लेझ 80 नंबरच्या चाळणीतून गाळून, नाहीतर सुई तुंबते. तो जुना नंबर बंद आहे पण फोटो तोच, लाल झाकणांचा, आता दुसऱ्या नंबरवरून वर्धा न यवतमाळकडच्या ग्रुपमधे आलाय.