विवाह नोंदणी सेवा: दुसरं लग्न अडवायला कितपत कामाची?

कागदपत्रांसाठी उत्तम, आधीची बायको हयात आहे का हे शोधायला कच्ची. महाराष्ट्राच्या 1998 च्या विवाह नोंदणी कायद्याखाली महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीत होणाऱ्या नोंदणीबद्दल थोडक्यात एवढंच.

नमुना ‘ड’ भरायचा, 100 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, तीन साक्षीदार न्यायचे, सोबत वय-पत्त्याचे पुरावे आणि लग्नपत्रिका. लग्नानंतर 90 दिवसांच्या आत गेलात तर विलंबाचा भुर्दंड नाही. गोम अशी की, वैवाहिक स्थिती अर्जदार स्वतःच लिहितो. ‘घटस्फोटित’ म्हटलं तर न्यायालयाचा घटस्फोटाचा हुकूमनामा, ‘विधुर’ म्हटलं तर मृत्यूचा दाखला मागतात. ‘अविवाहित’ म्हटलं तर मागणार काय? नाशिकच्या दप्तरातली नोंद नागपूरच्या टेबलावर आपोआप उघडत नाही. स्थळ घटस्फोटित असेल तर हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत स्वतः वाचा. तो एकतर्फी आहे का, अपिलाची मुदत संपली का, हे आधी बघा.

विशेष विवाह कायद्याची वाट लांबची, पण चाळणी बारीक. दोघांपैकी एकाचं त्या जिल्ह्यात किमान 30 दिवस वास्तव्य हवं. मग होऊ घातलेल्या लग्नाची नोटीस, हरकतींसाठी 30 दिवस, आणि नोटिशीपासून तीन महिन्यांत लग्न. कायमचा पत्ता दुसऱ्या जिल्ह्यातला असेल तर नोटिशीची प्रत तिथल्या फलकावरही लागते. अर्थात, फलक वाचायला जातं कोण! हरकत आली तर विवाह अधिकाऱ्याला 30 दिवसांत चौकशी संपवावी लागते. हा कायदा धर्म बघत नाही. पहिला जोडीदार हयात असेल तर लग्न लागतच नाही.

मुस्लिम पुरुषाच्या दुसऱ्या-तिसऱ्या लग्नाची नोंद मात्र 1998 च्या कायद्याखाली नाकारता येत नाही. ठाण्यातल्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2024 मध्ये हे स्पष्ट केलं. त्याच माणसाचं दुसरं लग्न ठाणे महापालिकेने आधी नोंदवलं होतं, आणि अडवलं होतं तिसरं.

हिंदूंचं दुसरं लग्न नोंदवलं म्हणून वैध होत नाही. पण शिक्षा व्हायला (भारतीय न्याय संहिता कलम 82, सात वर्षांपर्यंत; पहिलं लग्न लपवलं तर दहा) नुसता नोंदणी दाखला भरवशाचा नाही. भाऊराव लोखंडे खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1965 मध्ये आरोपींना सोडलं, कारण लग्नाचे आवश्यक विधी झाल्याचं सिद्ध झालं नाही. म्हणून तक्रारदार पहिल्या पत्नीने दाखल्यासोबत सप्तपदीचे फोटो, व्हिडिओ आणि भटजीची साक्ष जमवावी.