रहस्यकथा, प्रेमकथा आणि अद्भुतकथा: किंडल पेपरव्हाइट कुठे कामाचं, कुठे नाही

किंडल या ॲमेझॉनच्या ईबुक वाचण्याच्या यंत्राची परीक्षणं बॅटरी आणि उजेडावर थांबतात. वाचणाऱ्याचा प्रश्न वेगळा असतो: मी जे वाचतो ते यावर नीट वाचता येतं का? खून, प्रेम आणि जादू या तिन्ही प्रकारांत वाचण्याची पद्धतच निराळी, त्यामुळे एकच यंत्र तिघांना सारखं लागू पडत नाही. हे परीक्षण 2021 च्या 6.8 इंची पेपरव्हाइटचं आहे. 2024 च्या मॉडेलची स्क्रीन 7 इंची आहे, पण पुढच्या हिशोबात त्याने फारसा फरक पडत नाही.

आधी अद्भुतकथा, कारण किंडल खरं चमकतं ते इथे. सात-आठशे पानांचे खंड, एकेका मालिकेत पाच-पाच, दहा-दहा. असा खंड आडवं पडून वाचला की मनगट दुखतं. पेपरव्हाइटचं वजन 205 ग्रॅम आणि त्यात अख्खी मालिका. दुसरा फायदा एक्स-रे या किंडलमधल्या सोयीचा. तिसऱ्या खंडात एखादा सरदार उगवतो आणि हा कोण ते आठवत नाही. नावावर बोट दाबून धरलं की तो आधी कुठे आला होता ते समोर येतं. ही सोय मुख्यतः इंग्रजी पुस्तकांत आहे आणि तिथेही सगळ्यांत नाही. विकत घेण्याआधी पुस्तकाच्या पानावर एक्स-रे चालू असल्याची नोंद पाहून घ्या. तळटिपांचा भरणा असलेल्या विनोदी अद्भुतकथाही इथे छान वाचता येतात, कारण टीप त्याच पानावर उघडते आणि मिटते.

घोळ होतो तो नकाशांचा. छापील पुस्तकात जोडपानावर पसरलेला नकाशा ईबुकात बऱ्याचदा दोन तुकड्यांत येतो आणि नद्यांची नावं मुंगीएवढी होतात. बोट दाबून धरलं की चित्र मोठं होतं, पण मूळ फाइलमध्येच ते बारीक असेल तर नुसतं धूसर दिसतं. त्यावर उपाय असा: नकाशाच्या पानावर दोन समोरासमोरचे तिरके कोपरे एकदम दाबा, स्क्रीनशॉट निघतो. किंडल केबलने संगणकाला जोडलं की ती पीएनजी फाइल बाहेरच्याच फोल्डरमध्ये सापडते. ती फोनवर टाका किंवा कागदावर छापून घ्या. वाचताना नकाशा शेजारी हवा, पुस्तकाच्या पोटात नको.

प्रेमकथेला हे यंत्र सर्वांत कमी त्रास देतं. इथे नकाशे नाहीत, मागे जाऊन धागे तपासायचे नाहीत, गोष्ट सरळ पुढे जाते. प्रेमकथा वाचणारे झपाट्याने वाचतात, त्यामुळे किंडल अनलिमिटेड या ईबुक-वाचनालयाची वर्गणी खरी वसूल होते ती याच प्रकारात. एका वेळी 20 पुस्तकं ठेवता येतात. नवं हवं असेल तर जुनं परत करायचं. वर्गणी थांबली की पुस्तकंही जातात, तेव्हा पुन्हा वाचावीशी वाटणारी कादंबरी वेगळी विकत घ्या. मराठीत लेखकांनी स्वतः प्रसिद्ध केलेल्या प्रेमकथांची संख्या मोठी आहे आणि दर्जा कमालीचा कमीजास्त. नमुना उतरवून घेऊन फक्त संवाद पाहा. कोण बोलतंय ते दर दोन ओळींनी हरवत असेल, अवतरणचिन्हं उघडून मिटत नसतील, तर त्या पुस्तकावर कुणी मुद्रितशोधनाचा हात फिरवलेला नाही. कव्हर आणि पाच तारे पाहून निर्णय घेऊ नका.

आता रहस्यकथा. इथे माझं मत ठाम आहे: चांगली रहस्यकथा कागदावर वाचावी, आणि किंडलवर वाचायचीच तर आधी यंत्राला आवर घालावा.

कारण किंडल रहस्य फोडतं. खालची टक्केवारी सांगत राहते की 70 टक्क्यांवर पकडलेला माणूस खुनी असणं शक्य नाही. कधी शेवटी पुढच्या पुस्तकाचा मोठा तुकडा जोडलेला असतो, मग 88 टक्क्यांवरच गोष्ट संपते आणि उलगडा येतोय याची तयारी मनाला मिळत नाही. एक्स-रे पुढच्या पानांवरच्या नोंदीही दाखवतो; अर्ध्यात मेलेला मानलेला माणूस शेवटच्या प्रकरणात दिसला की संपलं. इतर वाचकांनी अधोरेखित केलेल्या ओळी तर सरळ बोट दाखवतात: या वाक्यात काहीतरी आहे! तेव्हा पहिलं पान वाचण्याआधी सेटिंग्जच्या रीडिंग ऑप्शन्समध्ये जाऊन पॉप्युलर हायलाइट्स बंद करा, पुस्तक उघडून ‘Aa’ मेनूमध्ये रीडिंग प्रोग्रेस ‘नन’वर ठेवा आणि एक्स-रेला हात लावू नका.

दुसरी अडचण मागे जाण्याची. रहस्यकथेचा वाचक बोट घालून ठेवतो: साक्षीदार चौथ्या प्रकरणात नेमकं काय म्हणाला होता? कागदावर पानाची डावी-उजवी बाजूही आठवते. किंडलवर पेज फ्लिपने पानं चाळता येतात आणि तुमची जागा हलत नाही, पण किंडलचा कागदासारखा दिसणारा ई-इंक पडदा संथ, त्यामुळे चाळण्याला वेग येत नाही. शोध हा चांगला पर्याय आहे, मात्र मराठीत तो जपून वापरावा लागतो. ‘खंजीर’ शोधलात तर ‘खंजिराने’ सापडणार नाही, कारण विभक्ती लागताना दीर्घ ऱ्हस्व झाला. दोन्ही रूपं शोधा. पात्राचं नाव, वेळ किंवा खोलीचा नंबर शोधणं त्याहून सोपं. संशय आला की तिथेच ओळ अधोरेखित करायची सवय लावली तर नोंदींच्या यादीत सगळे धागे एकाखाली एक मिळतात. ही एकच गोष्ट किंडल कागदापेक्षा चांगली करतं. बंद खोलीतल्या खुनाच्या कथेत घराचा आराखडा असतो, त्याची गत अद्भुतकथेच्या नकाशासारखीच.

मराठी मजकूर 300 पीपीआयच्या (इंचाला 300 ठिपके) पडद्यावर सुरेख दिसतो. ‘वर्षांपूर्वी’ या शब्दात रफार आणि अनुस्वार शेजारी येतात. ते वेगवेगळे दिसतील एवढा अक्षराचा आकार ठेवा, डोळे शिणत नाहीत. मराठी शब्द ओळीच्या शेवटी तुटत नाहीत, म्हणून दोन्ही कडा सरळ ठेवल्या की शब्दांमध्ये मोठी भोकं पडतात. लेआउटमध्ये पर्याय असेल तर डावी कड सरळ ठेवा.

खरी कटकट पीडीएफची. बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार आणि काळापहाड किंवा नारायण धारपांचा समर्थ शोधणारे लोक शेवटी कुठल्या तरी स्कॅनपाशी पोचतात. अर्नाळकर 1996 मध्ये गेले, धारप 2008 मध्ये. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं हक्क राहतात, त्यामुळे ते फुकट फिरणारे स्कॅन चोरीचेच. धारपांच्या नव्या आवृत्त्या निघाल्या आहेत, त्या घ्याव्यात. नाथमाधव 1928 मध्ये गेले, तेव्हा त्यांची ‘वीरधवल’ कादंबरी हक्कमुक्त आहे, खुशाल उतरवून घ्या.

पण ते वाचायचं कसं? हिशोब पाहा. 6.8 इंची पडदा साधारण 4.1 बाय 5.4 इंच. डेमी आकाराचं पान 5.5 बाय 8.5 इंच. पूर्ण पान बसवलं की ते 64 टक्क्यांवर येतं, म्हणजे 12 पॉइंटचं अक्षर पावणेआठ पॉइंटचं होतं आणि जोडाक्षरांचा चिखल होतो. क्राउन आकाराचं पान (5 बाय 7.5) 72 टक्क्यांवर येतं, ते कसंबसं चालतं. किंडल आडवं धरलं तर डेमी पान जवळजवळ मूळ आकारात दिसतं, एका वेळी अर्ध्याहून थोडं कमी. त्याआधी के2पीडीएफऑप्ट या मोफत प्रोग्रॅमने चारही बाजूंचा समास कापून टाका. तो पानाकडे चित्र म्हणून पाहतो, त्यामुळे लिपीचा प्रश्न येत नाही.

स्कॅन नसलेली, टाइप केलेली पीडीएफ असेल तर तिचं ईपब (अक्षर लहानमोठं करता येणारी ईबुक फाइल) करण्याआधी एक चाचणी घ्या. संगणकावर त्यातली एक ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. देवनागरी आली तर उत्तम. इंग्रजी अक्षरं, कंस आणि चिन्हांचा कचरा आला तर ते पुस्तक युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये जुळवलेलं आहे; त्याचं ईपब केलंत तर पानोपानी तोच कचरा निघेल. फॉन्ट परिवर्तक लावून पाहा, नाहीतर पीडीएफ म्हणूनच वाचा. किंडलवर फाइल पाठवण्याची ॲमेझॉनची सोय, ‘सेंड टू किंडल’, ईपब घेते, जुन्या मोबी प्रकारची ईबुक फाइल आता घेत नाही.

विकत घेण्याबद्दल शेवटचं. फेब्रुवारी 2025 अखेर ॲमेझॉनने ईबुक संगणकावर उतरवून यूएसबीने किंडलवर टाकण्याची सोय बंद केली. म्हणजे पैसे दिले तरी तुमच्या हाती असतो तो वाचण्याचा परवाना. ते पुस्तक ना मित्राला देता येतं, ना जुन्या पुस्तकांच्या दुकानात विकता येतं. पुन्हापुन्हा वाचली जाणारी अद्भुत मालिका आणि वर्गणीतल्या प्रेमकथा यांना हा व्यवहार परवडतो. खुनी कळल्यावर कपाटात जाणाऱ्या रहस्यकथेला नाही. तिच्यासाठी गावातल्या वाचनालयाची वर्गणी भरा.