जुन्या फ्रीजच्या धंद्यात साउंडबॉक्स : दहा महिन्यांचा अनुभव

हर्णै बंदराच्या रस्त्यावर मी जुने फ्रीज आणि डीप फ्रीझर दुरुस्त करून विकतो. गिऱ्हाईक म्हणजे मासळीवाल्या, होमस्टेवाले आणि गणपतीला नाहीतर मे महिन्यात गावी येणारे चाकरमानी. जुन्या मालात सुटतात थोडेच पैसे, त्यामुळे एक फ्रीझर बुडाला की महिन्याची कमाई गेली.

माझा तसा एक बुडाला. तेव्हा भिंतीवर फक्त क्यूआर चिकटवलेला होता. एका मुलाने ११,५०० रुपयांचा फ्रीझर ठरवला, क्यूआर स्कॅन केला आणि मोबाइलवरची हिरवी खूण दाखवली. माझं नाव बरोबर, रक्कम बरोबर. मेसेज आला नाही, पण आमच्याकडे रेंजचं हे नेहमीचंच, म्हणून माल टेम्पोत चढवून दिला. संध्याकाळी खातं पाहिलं तर काहीच नाही. हुबेहूब तसा स्क्रीन दाखवणारी खोटी अॅप्स असतात, हे मला तेव्हा कळलं. पोलिसांत तक्रार दिली. पैसे कुठल्याच खात्यातून निघालेले नव्हते, मग अडवणार तरी काय? फ्रीझर गेला तो गेलाच.

त्यानंतर गेल्या जूनमध्ये साउंडबॉक्स घेतला, म्हणजे क्यूआरवरून खात्यात पैसे जमा झाले की रक्कम मोठ्याने बोलून सांगणारा डबा. भाडं महिन्याला शंभराच्या आसपास. त्यात स्वतःचं सिमकार्ड असतं, त्यामुळे माझा फोन खिशात बंद पडला तरी डबा बोलतो. आवाज दणदणीत आहे. कॉम्प्रेसर चालू असतानाही 'रुपये प्राप्त झाले' स्पष्ट ऐकू येतं. जुलैत दोन दिवस लाइट नव्हती, तेव्हा बॅटरी दुसऱ्या दुपारी संपली. आता पावसाळ्यात पॉवर बँक जोडूनच ठेवतो. माल पोचवायला जाताना डबा टेम्पोत घेतो, पण आंजर्ल्याकडच्या डोंगराआडच्या वाडीत तो मुका होतो. म्हणून पैसे दुकानातच घ्यायचे आणि मग माल चढवायचा, असं ठरवून टाकलं.

खरी परीक्षा ऑगस्टमध्ये झाली. ओळखीच्या एका मासळीवाल्या काकींनी ९,००० पाठवले आणि डबा गप्प. काकींच्या फोनवर बँकेचा पैसे कापल्याचा मेसेज. "बघ रे, माझे गेले ना पैसे! मी काय खोटं बोलते?" काकी खोटं बोलत नव्हत्या, पण माझ्या खात्यातही काही नव्हतं. अशा वेळी तोंडावर 'आले नाहीत' म्हणायला फार जड जातं. मी त्यांना डब्याची आणि खात्याची दोन्ही बाजू दाखवली, फ्रीझरवर त्यांचं नाव लिहिलं आणि बाजूला ठेवला. दुसऱ्यांदा पाठवू नका, असंही सांगितलं. रिझर्व्ह बँकेचा २०१९ चा नियम आहे : दुकानदाराला यूपीआयने पाठवलेले पैसे कापले गेले पण पोचले नाहीत, तर बँकेने ते पुढच्या पाच दिवसांत परत करायचे, नाहीतर त्यापुढे रोज १०० रुपये भरपाई. काकींचे पैसे दुसऱ्याच दिवशी त्यांच्या खात्यात परत आले, त्यांनी पुन्हा पाठवले, डबा बोलला आणि फ्रीझर बंदरावर गेला. डबा नसता तर मी नक्की लाजेखातर माल देऊन बसलो असतो.

गणपतीत एक चाकरमानी दादा नवाकोरा फोन घेऊन आले. त्यात यूपीआय त्याच दिवशी सुरू केलेलं, आणि पहिल्या २४ तासांत ५,००० च्या वर रक्कम जाईना. ५,००० विसार घेतला, बाकीचे दुसऱ्या दिवशी.

फोनवरून माल बघणाऱ्यांपासून मात्र डबा वाचवत नाही. 'मी आर्मीत आहे, क्यूआर पाठवतो, तुम्ही स्कॅन करून पिन टाका, पैसे जमा होतील,' असे दोन फोन मला आले. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की पैसे आपल्याच खात्यातून जातात. घरात बायकोला आणि दुकानातल्या पोराला हे मी पुन्हा पुन्हा सांगितलं आहे. चुकून गेलेच तर लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करायचा. पैसे पुढच्या खात्यातून काढले जायच्या आत तो लागला पाहिजे.

धंद्याचं खातंही वेगळं केलं. कुणी फसवणुकीचे पैसे आपल्याकडे खर्च केले तर चौकशीत खातं गोठू शकतं, आणि त्यात घरखर्च अडकायला नको. प्रत्येक पावतीवर गिऱ्हाइकाचा नंबर आणि यूटीआरचे, म्हणजे त्या व्यवहाराच्या नंबराचे, १२ आकडे लिहितो.

एक उणीव सांगायलाच हवी. डबा रक्कम बोलतो, नाव बोलत नाही. दिवाळीच्या सुट्टीत दोघांनी एकाच मिनिटाला ५०० चा विसार भरला आणि आवाज एकदाच आला. कुणाचे आले ते कळेना. आता गर्दी असली की आवाज ऐकल्यावरही अॅप उघडून यूटीआरचे शेवटचे चार आकडे गिऱ्हाइकाच्या फोनशी जुळवतो, आणि मगच पावती फाडतो.