सदाशिव पेठेतली मोडी कागद स्कॅन करायची इंटर्नशिप: ५ पैकी साडेतीन

टीवायला इतिहास घेतलाय आणि कॉलेजने ओजेटीचे (ऑन-जॉब ट्रेनिंग) ४ क्रेडिट म्हणजे १२० तास कुठेतरी भरून या म्हणून सांगितलं, तेव्हा बाकीची पोरं बँका आणि एनजीओ शोधत फिरली आणि मी सदाशिव पेठेतल्या एका जुन्या संस्थेत गेले. संस्थेचं नाव मुद्दाम देत नाही, कारण खाली थोडं कुरकुरणार आहे आणि तिथली माणसं खरंच चांगली आहेत. जाहिरातीत ‘डिजिटल अर्काइव्ह रिसर्च इंटर्न’ असं लिहिलं होतं. यातला रिसर्च हा शब्द पहिले तीन आठवडे विसरून जायचा.

काम काय, तर रुमाल सोडायचा. रुमाल म्हणजे लाल कापडात बांधलेलं कागदांचं गाठोडं, अख्खं दप्तर असंच बांधलेलं असतं. तिथले एक काका गाठ सोडतात, आपल्याला गाठीला हात लावायची परवानगी दुसऱ्या आठवड्यानंतर, आणि तेही हात धुऊन कोरडे करून. मग एकेक कागद वरून फोटो काढणाऱ्या स्कॅनरखाली ठेवायचा, शेजारी रंगांची पट्टी आणि सेंटिमीटरची पट्टी, टिफ फाइल सेव्ह, पुढचा कागद. काचेखाली दाबायचा स्कॅनर नाही चालत, घडीवर कागद तुटतो. आणि पाठकोरा असला तरी मागची बाजू स्कॅन करायचीच. मला वाटलं कशाला उगाच मेमरी फुकट घालवायची, तर चौथ्याच दिवशी एका पत्राच्या पाठीवर कोपऱ्यात बारीक अक्षरात पैवस्ती निघाली, म्हणजे पत्र पोचल्याची तारीख. लिहिलं कधी आणि पोचलं कधी यातलं अंतर कळलं की बातमी किती दिवसांनी हातात पडली ते कळतं, आणि तो बारका कोपरा मी आळसाने सोडला असता तर पुढच्या माणसाला ते कधीच दिसलं नसतं.

धूळ प्रचंड. मास्क स्वतःचा न्या, तिथले संपतात. कसर लागलेला कागद उघडला की तांदूळ चाळल्यासारखी भुकटी पडते.

खरी मजा आणि खरा त्रास मेटाडेटात, म्हणजे प्रत्येक कागदाची माहिती नोंदवण्यात आहे. प्रत्येक फाइलला एक्सेलमध्ये एक ओळ, त्यात डब्लिन कोरचे रकाने भरायचे (डब्लिन कोर हे १५ घटकांचं एक स्टँडर्ड आहे, कोणी लिहिलं, विषय काय, तारीख काय वगैरे). तारखेच्या रकान्यात माझी पार वाट लागली. पेशवाईतल्या कागदांवर बऱ्याचदा शुहूर सन (तेव्हाची एक कालगणना) असतो, तोही आकड्यात नाही, अरबी शब्दांत. ‘अर्बा सबैन मया व अलफ’ म्हणजे चार, सत्तर, शंभर आणि हजार, झाले ११७४. यात ६०० मिळवले की इसवी सन, असं मला कुणीतरी सांगितलं होतं आणि मी धडाधड मिळवत सुटले. पण शुहूर वर्ष मृगाला सुरू होतं, जूनच्या सुरुवातीला, त्यामुळे जून ते डिसेंबरच्या कागदाला ५९९ आणि पुढच्या जानेवारी ते मे ला ६००. माझ्या ४० ओळी चुकल्या होत्या. म्हणजे ऑगस्ट १७७३ चा कागद मी १७७४ मध्ये टाकलेला, आणि नारायणराव पेशव्यांचा खून ३० ऑगस्ट १७७३ चा, त्या दिवसांतल्या कागदाचं एक वर्ष इकडचं तिकडे झालं तर काय गोंधळ होईल बघा. ताईंनी (आमच्या मार्गदर्शक) आरडाओरडा केला नाही, फक्त म्हणाल्या, “आता चाळीसच्या चाळीस हाताने बदल, फॉर्म्युला नको लावूस.” दोन दिवस गेले. पण आता अरबी आकडे झोपेत सांगेन.

मोडी येत नसेल तर मात्र फार बोअर होईल, हे आधीच सांगते. ओसीआरवर (फोटोतली अक्षरं ओळखणारं सॉफ्टवेअर) विसंबू नका, छापील देवनागरीलाच तो धडपडतो आणि इथे तर आधी ओळभर शिरोरेघ ओढून तिला अक्षरं लटकवलेली, शब्द तोडलेले नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही. युनिकोडमध्ये मोडी २०१४ मध्ये आली, त्यामुळे टाइप करता येते, पण वाचायचं आपल्यालाच. मी आधी तीन महिने क्लास केला होता म्हणून निभावलं, माझ्यासोबतचा मुलगा नुसता स्कॅन करत राहिला आणि चौथ्या आठवड्यात कंटाळून यायचाच बंद झाला.

आता कुरकुर. बॅकअप नव्हता! एकच एक्स्टर्नल हार्डडिस्क, ती एका शुक्रवारी बंद पडली आणि दोन दिवसांचं स्कॅनिंग गेलं, तेच रुमाल परत सोडले. जुना कागद पुन्हा पुन्हा हाताळायला लागू नये म्हणून तर डिजिटायझेशन करतात ना? दुसरं, स्टायपेंड नाही, प्रवासखर्च देतो म्हणाले तो दोन महिन्यांनी मिळाला, हडपसरहून रोज दोन बस बदलून येणाऱ्याने आधी खिशाचा हिशोब करावा. सर्टिफिकेटवर तासही चुकीचे टाकले होते, पुन्हा करून घेतलं.

तरी साडेतीन का दिले, तर पाचव्या आठवड्यात ताईंनी एक रुमाल दिला आणि म्हणाल्या, यातलं तुला आवडेल त्यावर चार पानं लिही. त्यात लढाई नव्हती, कारस्थान नव्हतं, जकातीच्या चौकीवर कुणाचे तरी बैल अडकवून ठेवल्याची तक्रार होती आणि मागोमाग त्याच माणसाची अजून दोन पत्रं, दर वेळी भाषा जरा जास्त तापलेली. इतिहासकार गो. स. सरदेसाईंनी पेशवे दप्तरातून ४५ खंड निवडून छापले, त्यामागे किती रुमाल सोडून परत बांधले असतील हे तेव्हा अंगावर आलं. ती चार पानं माझी सगळ्यात बरी जमलेली असाइनमेंट आहे.

जायचं असेल तर आधी तीन गोष्टी विचारा, बॅकअप कुठे ठेवता, मोडी वाचून तपासणारं कोणी आहे का, आणि लिहायला काही देणार का नुसतं स्कॅनिंग. आणि एप्रिल-मे मध्येच घ्या, पावसाळी दमट हवेत ते रुमाल सोडत नाहीत, मग १२० तास नुसत्या एक्सेलसमोर भरावे लागतात.