४.४ स्टारचा फोन आणि माझे २२,४३८ रुपये

आधी आकडा सांगून टाकतो, कारण लोक फिरून फिरून तेच विचारतात. फोन एका मोठ्या ऑनलाइन साइटवरून, ४.४ स्टार बघून घेतलेला, २१,४९९ रुपयांचा. त्यावरची काच ३४९ ची. सर्व्हिस सेंटरने नुसता उघडून बघण्याचे ५०० घेतले, वर जीएसटी, म्हणजे ५९०. एकूण २२,४३८. बदल्यात माझ्याकडे काय आहे? दुसऱ्या कुणीतरी वापरून टाकलेला, डिस्प्ले बदललेला, दहा मिनिटं बोललं की कानाला चटका देणारा एक फोन, जो ‘ब्रँड न्यू, सीलबंद’ म्हणून मला विकला गेला.

आणि हो, रिव्ह्यू वाचले होते. हा प्रश्न आता कृपया कोणी विचारू नका. मेहुण्याने चारचौघांत विचारून झालाय. ‘दाजी, घेण्याआधी रिव्ह्यू तरी बघायचे!’ अरे बाबा, रिव्ह्यू बघूनच घेतला, तीच तर गोम आहे. काहीही न वाचता कोपऱ्यावरच्या दुकानातून उचलला असता तर वाचलो असतो.

खोटे रिव्ह्यू कसे तयार होतात हे तुम्हाला ठाऊक आहेच. ‘पाच स्टार द्या, पैसे परत घ्या’वाले ग्रुप, भाड्याने लिहून देणारे, सगळं. जुलै २०२२ मध्ये अ‍ॅमेझॉनने असे रिव्ह्यू जमवणाऱ्या दहा हजारांहून जास्त फेसबुक ग्रुपच्या अ‍ॅडमिनवर दावा ठोकला होता, ती बातमी मीसुद्धा वाचली होती. त्यामुळे नकली रिव्ह्यू ओळखायचे नेहमीचे आडाखे मला पाठ होते. एकाच दिवशी धो धो आलेले पाच स्टार, ‘नाइस प्रॉडक्ट’ छापाची दोन शब्दांची स्तुती, चार जणांनी लिहिलेलं तेच एक वाक्य. असं काही दिसलं असतं तर मी पान तिथेच बंद केलं असतं.

इथे तसं काहीच नव्हतं. रिव्ह्यू बऱ्याच महिन्यांत पसरलेले, भाषा हाडामांसाच्या माणसांची. कोणी म्हणत होतं चार्जर गरम होतो, कोणी म्हणत होतं रात्रीचे फोटो जरा पिवळट येतात. एकाने तर कंपनीचा उद्धार केला होता. असले एक-दोन शिव्या घालणारे दिसले की आपला विश्वास उलट वाढतो. माझाही वाढला. कारण ते रिव्ह्यू खरेच होते! खऱ्या गिऱ्हाइकांनी, स्वतःच्या पैशाने घेतलेल्या वस्तूवर मनापासून लिहिलेले. फक्त ते या फोनचे नव्हते.

विक्रेत्याने एका जुन्या, चांगल्या चाललेल्या मॉडेलचं पान घेतलं, त्यावरचं नाव आणि वरचे फोटो बदलले आणि खालचे हजारो रिव्ह्यू तसेच ठेवले. स्टार त्या पानाला चिकटलेले असतात, वस्तू बदलली तरी ते जागचे हलत नाहीत. याला रिव्ह्यू हायजॅकिंग म्हणतात, हे मला पैसे गेल्यावर कळलं. अमेरिकेत फेब्रुवारी २०२३ मध्ये फेडरल ट्रेड कमिशन या तिथल्या व्यापारावर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने जीवनसत्त्वांच्या गोळ्या विकणाऱ्या बाउंटिफुल या कंपनीला याच उद्योगासाठी सहा लाख डॉलर भरायला लावले. ती कंपनीही नवीन माल जुन्या खपाऊ मालाच्या पानाला जोडून त्याचे स्टार उचलत होती. म्हणजे ही युक्ती काही कालची नाही. इतकी जुनी युक्ती एवढ्या मोठ्या साइटला ओळखता येत नाही, यावर विश्वास ठेवायला मी तयार नाही.

आता तो फोटो. गिऱ्हाइकांनी टाकलेल्या फोटोंमध्ये एक होता. निळ्या चादरीवर पालथा ठेवलेला फोन, मागे एकाखाली एक तीन कॅमेरे. मी घेत होतो त्या मॉडेलला दोन कॅमेरे, तेही गोल चकतीत. मी तो फोटो बघितला. नुसता बघितला नाही, दोन बोटांनी मोठा करून बघितला. तीन भिंगं मोजली. आणि मग काय केलं? ‘प्रो व्हेरिएंट असेल’ असं मनाशी म्हणून पुढे सरकलो. आजही रात्री झोप लागत नसली की ती निळी चादर डोळ्यांसमोर येते आणि स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

पण मला सांगा, तुम्ही काय केलं असतं? या साइटी सहा जीबी, आठ जीबी, काळा, हिरवा, साधा, प्रो असे सगळे प्रकार एकाच पानावर कोंबतात आणि सगळ्यांचे स्टार एकत्र दाखवतात. ही त्यांचीच रीत. त्या रीतीची आपल्याला इतकी सवय झालीय की वेगळा फोन दिसला तरी वेगळा वाटत नाही. त्यात घड्याळ टिकटिकत होतं, ‘ऑफर संपायला ११ मिनिटं, फक्त २ शिल्लक’. बाकी सगळीकडे तोच फोन २३,९९९ ला होता. अडीच हजार वाचत होते, आणि ती रक्कम माझ्या घरात लहान नाही. मी हावरटपणा केला असं ज्यांना म्हणायचं असेल त्यांनी खुशाल म्हणावं. दहा हजार कमी असते तर मलाही वास आला असता. अडीच हजारांची सूट सणासुदीला कोणीही देतं.

रिव्ह्यू वाचायचेच असतील तर ‘टॉप रिव्ह्यू’ वाचू नका, ‘नवीन आधी’ लावून वाचा. मी नंतर तसं लावून बघितलं तर शेवटच्या दीड महिन्यातले बहुतेक एका स्टारचे निघाले आणि जवळजवळ सगळ्यांची तक्रार एकच होती: वापरलेला फोन आला. ते चार हजार जुन्या रिव्ह्यूंच्या ढिगाखाली गाडले गेले होते. आणि सगळ्यात जुना रिव्ह्यू कधीचा आहे तेही बघा. फोन बाजारात आला त्याच्या आधीची तारीख त्यावर असेल तर लिहिणारा ज्योतिषी तरी असला पाहिजे, नाहीतर पान चोरीचं.

डबा आला तेव्हा सील होतं. त्या सीलवर मी किती वेळा विचार केला असेल! पारदर्शक गोल सील, अगदी व्यवस्थित चिकटवलेलं. नंतर नख फिरवून बघितलं तेव्हा त्याच्याखाली आणखी एक कड लागली. जुनं सील ब्लेडने सरळ कापलेलं आणि त्यावर नवीन बसवलेलं. डब्यावरचा आयएमईआय (प्रत्येक फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक) आणि फोनमधला आयएमईआय मी लगेच ताडून पाहिले होते, दोन्ही जुळले. जुळणारच, डबा त्याच फोनचा होता! डब्यात एक सोनेरी कार्डही होतं. पाच स्टार द्या, स्क्रीनशॉट व्हॉट्सअ‍ॅप करा, ३०० रुपये मिळवा. मी नाही केलं. (करणार होतो, खोटं कशाला बोलू. त्या दिवशी राहून गेलं.)

पहिला आठवडा ठीक गेला. आणि रिटर्नची मुदत किती? सात दिवस. दुसऱ्या आठवड्यात स्क्रीन आपोआप टच व्हायला लागली, मग फोन तापायला लागला. सर्व्हिस सेंटरच्या मुलाने नंबर टाकला आणि स्क्रीन माझ्याकडे फिरवली. हा फोन अ‍ॅक्टिव्हेट होऊन नऊ महिने झाले होते. उघडल्यावर म्हणाला, ‘साहेब, डिस्प्ले ओरिजिनल नाही, म्हणून वॉरंटीतही बसणार नाही.’ पावती ५९० ची.

म्हणून सांगतो, फोन सुरू करायच्या आधी, सिम टाकायच्या आधी, डब्यावरचा आयएमईआय फोनच्या कंपनीच्या वॉरंटी तपासायच्या पानावर टाका. वॉरंटी आधीच सुरू झालेली दिसली तर डबा उघडूसुद्धा नका. लोक सांगतात *#०६# करून आयएमईआय बघा, मग केवायएम (KYM) लिहून पुढे तो आयएमईआय टाकून १४४२२ ला मेसेज करा. जरूर करा, चोरीचा म्हणून ब्लॉक झालेला फोन त्यात कळतो. पण माझ्या फोनने तीही परीक्षा झकास पास केली, कारण तो चोरीचा नव्हताच. वापरलेला होता. मेसेजमध्ये ब्रँड आणि मॉडेल बरोबर येतं, पहिल्यांदा कधी सुरू झाला ते येत नाही. आणि बिलावर आयएमईआय छापलेला आहे का तेही बघा. माझ्या बिलावर नव्हता, हे मला बिल वर्षभर जपून ठेवायच्या फाइलमध्ये लावताना दिसलं नाही, भांडायला काढलं तेव्हा दिसलं.

आता दाद मागण्याची कथा. साइटच्या चॅटवर आधी यंत्र बोलतं, मग माणूस बोलतो, आणि दोघांत फरक करता येत नाही. ‘तुम्हाला झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत.’ गैरसोय? गैरसोय लिफ्ट बंद असल्यावर होते. २१,४९९ रुपये घेऊन जुना फोन देणं याला आमच्याकडे वेगळा शब्द आहे. मग मुदत संपल्याचं कारण, मग ‘विक्रेत्याशी बोला’, मग विक्रेता फोन उचलत नाही, मग ‘आम्ही केवळ मध्यस्थ आहोत’. स्टार दाखवताना मध्यस्थ नव्हतात? ४.४ हा आकडा हिरव्या चौकटीत ठळक अक्षरात कोणी छापला होता, विक्रेत्याने की तुम्ही?

मी एका स्टारचा रिव्ह्यू लिहिला, सर्व्हिस सेंटरच्या रिपोर्टच्या फोटोसकट. तो ‘नियमांत बसत नाही’ म्हणून परत आला. कोणता नियम ते सांगितलं नाही. दुसऱ्या फोनचे चार हजार रिव्ह्यू नियमांत बसतात, या फोनचा एक बसत नाही.

पोलीस ठाण्यात गेलो. बाकावर बसवून ठेवलं आणि शेवटी विचारलं, ‘वस्तू मिळाली ना? पैसे तुम्ही स्वतःच भरले ना? मग हे सिव्हिल मॅटर आहे.’ मी म्हटलं, साहेब, नवीन म्हणून जुना विकलाय. तर म्हणे, ऑनलाइन कशाला घेता? शेजारचा हवालदार माझ्या हातातला फोन उलटापालटा करून म्हणाला, दिसायला तर चांगला आहे. अर्ज घेतला नाही. पोच द्या म्हटलं तर उद्या या.

कायदा नाही म्हणून हे घडतं असं समजू नका. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम २०२० मध्ये स्पष्ट लिहिलंय की विक्रेत्याने ग्राहक असल्याचं भासवून रिव्ह्यू टाकायचे नाहीत. साइटच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात तक्रार निकाली काढायची, हेही त्यातच आहे. ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी भारतीय मानक ब्युरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये एक खास मानक आणलं, आयएस १९०००:२०२२. विकत घेतलेले रिव्ह्यू चालणार नाहीत, लिहिणारा खरा आहे की नाही ते तपासा, सगळं छान छान त्यात आहे. आणि ते ऐच्छिक आहे. ज्याला पाळायचं त्याने पाळावं! चोराला दार लावायचं की नाही हे चोरानेच ठरवायचं. ज्या कोणी बसून हे ठरवलं त्यांनी स्वतःच्या पैशाने एकदा ऑनलाइन फोन मागवून बघावा.

शेवटी ग्राहक आयोगात तक्रार टाकली. वकिलाने नुसत्या नोटिशीचे ५,००० सांगितले, ते ऐकून उठून आलो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, कंपनीचं ऑफिस कुठेही असो. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, आणि वकील लागतोच असंही नाही. तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते, म्हणून ‘आता उशीर झाला’ असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून नंबर घेऊन ठेवा. तिथे तडजोड घडवतात, निकाल देत नाहीत, पण आपण गप्प बसलो नव्हतो याचा कागद होतो. डबा उघडतानाचा व्हिडिओ मात्र सलग हवा, कुरिअरच्या लेबलपासून सुरू करून. माझा मध्येच तुटलेला आहे, कारण नेमका त्याच वेळी फोन वाजला. दुसऱ्या बाजूचे लोक आता त्याच तुटलेल्या जागेवर बोट ठेवून बसलेत.

फोन आल्याच्या संध्याकाळी पाच स्टार देणाऱ्यांनाही हात जोडून सांगणं आहे. पॅकिंग चांगलं होतं, डिलिव्हरीवाला नम्र होता, हा फोनचा रिव्ह्यू नव्हे. बॅटरी, तापणं, अपडेट, नेटवर्क हे सगळं दोन-चार महिन्यांनी कळतं, आणि तेव्हा लिहायला कोणी परत येत नाही. तुमच्या त्या उत्साहाच्या स्टारवर कोणीतरी धंदा करतो. आणि घेणाऱ्यांनी फोनच्या स्टारपेक्षा विक्रेत्याच्या नावावर टिचकी मारावी. ते दुकान साइटवर कधीपासून आहे, आणखी काय विकतं? माझा विक्रेता फोनखेरीज लहान मुलांच्या रजया आणि गाडीचे पुसणे विकत होता. तेही पान मी नंतरच उघडलं.

तारीख पडायच्या आधी साइटवाल्यांकडून एक फोन आला. बाई फार गोड बोलल्या. २,००० रुपयांचं व्हाउचर, त्यांच्याच साइटवर वापरायचं, सहा महिन्यांच्या आत. अट एकच: तक्रार मागे घ्यायची आणि या व्यवहाराबद्दल कुठेही काही लिहायचं नाही. व्हाउचरचं काय केलं ते, हे तुम्ही वाचताय म्हणजे वेगळं सांगायला नको. माझी मागणी २२,४३८ रुपये अधिक त्रासाचे १०,००० अशी आहे आणि ती तशीच आहे.