१/३५० ‘म्हैसूर’: पार्सल आले, तरीही फसवणूकच

जहाजांच्या प्रतिकृती करणाऱ्यांना लुबाडणाऱ्यांमध्ये नवखे असतात ते पैसे घेऊन गायब होतात. मुरलेले मात्र पार्सल पाठवतात. पार्सल हातात पडले की तक्रार फसवणुकीची न राहता मालाच्या दर्जाची होते, आणि अशा भांडणात कोणी फारसे लक्ष घालत नाही, हे त्यांना पक्के ठाऊक असते. माझ्याकडून अठरा हजार रुपये आणि वर ‘कस्टम’च्या नावाखाली तीन हजार दोनशे रुपये ज्याने घेतले, तो या दुसऱ्या जातीचा होता. त्याने काय पाठवले आणि ते कसे ओळखता येते, हे जरा सविस्तर लिहितो, कारण कोल्हापूर, सांगली, इचलकरंजी भागात हा छंद असलेली माणसे मोजकी असली, तरी तोच माणूस त्यांतल्या आणखी काहींशी बोलत असल्याचे मला कळले आहे.

भारतीय नौदलाची क्रूझर जातीची युद्धनौका ‘आयएनएस म्हैसूर’ डिसेंबर १९७१ मध्ये पश्चिमी ताफ्याची ध्वजनौका होती. तिचा १/३५० प्रमाणातला, म्हणजे मूळच्या साडेतीनशेव्या भागाएवढा, खवळलेल्या अरबी समुद्रातला डायोरामा (छोटा देखावा) मला करायचा होता. ही नौका मूळची ब्रिटिश नौदलाची ‘नायजेरिया’. १९४२ च्या ऑगस्टमध्ये माल्टाकडे निघालेल्या ताफ्यात असताना इटालियन पाणबुडीचा टॉर्पेडो खाऊनही ती तरली, पुढे भारताने ती विकत घेतली आणि २९ ऑगस्ट १९५७ रोजी ती ‘म्हैसूर’ या नावाने आपल्या नौदलात दाखल झाली. जर्मन ‘बिस्मार्क’ किंवा जपानी ‘यामातो’ या युद्धनौकांचे जोडणीचे संच हवे तितके मिळतात. ‘म्हैसूर’चा संच मात्र सहज हाती लागत नाही. जे सहज मिळत नाही त्याच्याच नावाने गळ टाकला जातो, आणि विकणाऱ्याने नाव अगदी नेमके निवडले होते.

तो स्वतःला संग्राहक म्हणवत असे. परदेशातल्या एका छोट्या कारागिराकडून रेझिनचे मोजके संच येणार आहेत, सोबत फोटो-एच केलेला, म्हणजे कठड्यांसारखे बारीक भाग रसायनाने कोरून काढलेला पितळी पत्राही मिळेल, असे त्याने सांगितले आणि पूर्ण झालेल्या ‘म्हैसूर’चे अप्रतिम फोटो पाठवले. फोटोंत पुढे दोन आणि मागे एक असे तीन टरेट (तोफांचे फिरते बुरूज) होते, जाळीदार डोलकाठ्या होत्या, म्हणजे ऐतिहासिकदृष्ट्या बोट ठेवायला जागाच नव्हती. न जोडलेल्या सुट्या भागांचे फोटो मागितले, तेव्हा ‘सील तोडले की किंमत उतरते’ असे उत्तर आले. वरवर ते पटण्यासारखे होते, कारण सीलबंद डब्याला खरोखरच जास्त भाव येतो. व्यवहाराचे बोलणे तो शक्यतो फोनवरच करी. चॅटमध्ये त्याने मेसेज आपोआप पुसले जाण्याची सोय सुरू करून ठेवली होती.

पैसे गेल्यावर दिरंगाई सुरू झाली. कधी कारागीर आजारी, कधी जहाजाने येणारा माल अडकलेला, आणि मग मुंबईत कस्टमने पार्सल अडवल्याचा निरोप. ते सोडवण्यासाठीची तीन हजार दोनशेची रक्कम त्याने एका तिऱ्हाईत व्यक्तीच्या यूपीआयवर मागितली आणि पावती पार्सलसोबत येईल असे सांगितले. परदेशी पार्सलवरचे शुल्क टपाल खात्याकडे किंवा कुरियर कंपनीकडे बिलानुसार भरायचे असते, कोणा खासगी माणसाच्या खात्यात नव्हे, हे इथे ठळकपणे लिहून ठेवतो. राजारामपुरीतल्या माझ्या पत्त्यावर शेवटी जे खोके आले, त्यावर देशांतर्गत कुरियरची साधी चिठ्ठी होती. परदेशातून आलेल्या टपालावर आतल्या वस्तू आणि किंमत लिहिलेला कस्टमचा फॉर्म चिकटवलेला असतो, त्याचा मागमूसही नव्हता.

खोके उघडताच स्टायरीनचा उग्र वास आला. चांगल्या संचांत पॉलियुरेथेन रेझिन वापरतात. फायबरच्या टाक्या आणि मूर्ती करणाऱ्यांकडचे पॉलिएस्टर रेझिन त्याहून स्वस्त असते, घट्ट होताना ते अधिक आकसते, आणि हा वास त्याचाच. जहाजाचे हल, म्हणजे मुख्य धड, दोन तुकड्यांत होते, दोन्हींना किंचित पीळ होता, कडेला बारीक छिद्रांची रांग होती आणि डेकवरच्या फळ्यांच्या रेषा पुसट होऊन मधूनमधून बुजलेल्या होत्या. समुद्राचा पाया मी आधीच करून ठेवला होता: एक्सपीएस फोमच्या (थर्मोकोलसारख्या कडक फोमच्या) जाड पट्ट्यावर जहाजाचा पाणरेषेचा आकार आराखड्यावरून कापून खाच केली होती आणि तिच्याभोवती लाटांची चढउतार कोरली होती. हल त्या खाचेत ठेवले, तेव्हा टोकाशी फट राहिली. मूळ जहाज १६९.३ मीटर लांब, म्हणजे १/३५० प्रमाणात ते ४८.४ सेंटिमीटर भरायला हवे. माझ्या हातातले हल जवळपास एक सेंटिमीटरने आखूड होते.

एवढ्यावर मी निष्कर्ष काढला नसता. ते हल घेऊन मी शिवाजी उद्यमनगरात एका पॅटर्नमेकर मिस्त्रींकडे गेलो; ज्यावरून ओतकामाचा साचा काढतात तो मूळ नमुना, म्हणजे पॅटर्न, ते घडवतात. कोल्हापूरच्या फाउंड्रीवाल्यांना जहाजांशी देणेघेणे नसले, तरी कास्टिंग कसे खोटे बोलते हे त्यांच्याइतके कोणाला कळत नाही. बीड (ओतीव लोखंड) ओतल्यावर मीटरमागे साधारण दहा मिलिमीटर आकसते, म्हणून ते पॅटर्न मुळातच तेवढा मोठा करतात आणि त्यासाठी वाढीव मापाची वेगळी पट्टीच वापरतात. मिस्त्रींनी हल उजेडाकडे तिरके धरले, पार्टिंग लाइनवरून, म्हणजे साच्याचे दोन भाग जुळतात तिथे उमटणाऱ्या रेषेवरून, नख फिरवले आणि म्हणाले, “सर, हे पॅटर्नवरनं काढल्यालं न्हाई. कास्टिंगवरनं परत काढल्यालं कास्टिंग हाय. ह्या बघा, दोन लाइनी.” खरोखरच जुन्या साच्याची घासून काढलेली जोडरेषा आणि नव्या साच्याची ताजी रेषा एकमेकींपासून केसभर अंतरावर दिसत होत्या. कोणाचा तरी अस्सल संच घेऊन, त्यावर सिलिकॉन रबर ओतून, त्या साच्यात स्वस्त रेझिन भरलेले होते. साचा थोडा आकसतो, रेझिन आणखी आकसते, आणि नकलेची नक्कल केली की घट वाढतच जाते. आखूडपणाचा उलगडा तिथेच झाला.

पण अस्सल संच तरी कशाचा होता? त्याचे उत्तर कागलच्या मामांनी दिले. मामा नौदलातून निवृत्त झालेले आहेत आणि ‘म्हैसूर’ त्यांनी डोळ्यांनी पाहिलेली आहे. प्लॅस्टिकच्या पिशवीतले टरेट त्यांनी टेबलावर ओळीने मांडले आणि मला विचारले, “अरे, हा चौथा कोणाचा?” या वर्गातल्या बहुतेक क्रूझर मुळात तीन-तीन तोफांच्या चार टरेटसह, म्हणजे सहा इंची बारा तोफांसह बांधल्या गेल्या, भारतात आलेल्या ‘म्हैसूर’वर तीनच टरेट आणि नऊ तोफा होत्या. डोलकाठ्याही तिपाई घडणीच्या निघाल्या, ‘म्हैसूर’च्या जाळीदार नव्हेत. म्हणजे तो संच तिच्या एखाद्या बहीणनौकेचा, तोही युद्धकाळातल्या रूपातला होता.

पितळी पत्र्याची लबाडी सर्वांत स्वस्तातली आणि म्हणून सर्वांत चीड आणणारी होती. डेकवरचा कठडा सुमारे एक मीटर उंच असतो, तो १/३५० मध्ये जवळपास तीन मिलिमीटर भरतो. माझ्या पत्र्यावरचा कठडा दीड मिलिमीटरच्याही आतच होता. खलाशांच्या आकृत्या अडीच मिलिमीटरच्या होत्या, पाच मिलिमीटरच्या नव्हे. तो पत्रा १/७०० चा होता आणि त्याच्या कोपऱ्यातला प्रमाण लिहिलेला तुकडा व्यवस्थित कापून टाकलेला होता. चुकून चुकीचा पत्रा खोक्यात पडला, हे मी एकवेळ मान्य केले असते. कात्री चुकून चालत नाही.

विकणाऱ्याला हे कळवले, तेव्हा त्याने आधी रेझिनमध्ये ‘थोडे इकडेतिकडे होतेच’ असे सांगितले, मग चौथा टरेट बसवू नका असा सल्ला दिला, आणि शेवटी माल पोहोचल्याची कुरियरची नोंद पाठवून संपर्क तोडला. मला दाखवलेले फोटो टाकून इंटरनेटवर त्यांचे मूळ शोधले, तर ते परदेशातल्या एका प्रतिकृतीकाराच्या कामाचे निघाले. खाली असलेले त्याचे नाव फोटोचा कडेचा पट्टा कापून घालवलेले होते.

१९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर आणि सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवली. ही यंत्रणा सर्वाधिक उपयोगी पडते ती पैसे गेल्या-गेल्या, रक्कम समोरच्या खात्यात असतानाच; आठवडेच्या आठवडे चाललेली ती दिरंगाई आळसातून आलेली नव्हती, हे तेव्हा उमगले. तक्रार लिहिताना मी ‘माल निकृष्ट निघाला’ हे शब्द जाणीवपूर्वक टाळले आणि तीन गोष्टी मांडल्या: दुसऱ्याच्या कामाचे फोटो आपल्या मालाचे म्हणून दाखवले, पत्र्यावरचे प्रमाण कापून लपवले, आणि देशातूनच निघालेल्या पार्सलवर कस्टमचे पैसे घेतले. यांपैकी तिसऱ्या मुद्द्यावर तक्रार घेणाऱ्या अधिकाऱ्यांनी लगेच लक्ष दिले, कारण तिथे दर्जाचा प्रश्नच उरत नाही. खोके उघडतानाचे चित्रीकरण, पट्टीशेजारी ठेवलेल्या भागांचे फोटो आणि कुरियरची चिठ्ठी जोडली. पुसल्या जाणाऱ्या संभाषणाचे स्क्रीनशॉट वेळीच घेतले होते, ते उपयोगी पडले. पैसे अद्याप परत मिळालेले नाहीत.

आता कोणताही रेझिनचा संच घेण्यापूर्वी मी सुट्या हलचा, शेजारी स्टीलची पट्टी ठेवून आणि त्या दिवसाचे वर्तमानपत्र खाली अंथरून काढलेला फोटो मागतो. सील तोडायचे नसेल तर तो संच मला नको. मूळ जहाजाची लांबी मीटरमध्ये घेऊन प्रमाणाने भागायची आणि पट्टीवरचा आकडा त्याच्याशी ताडायचा, याला कॅल्क्युलेटरवर जेमतेम अर्धा मिनिट लागतो. अस्सल कारागिरांचा मला आलेला अनुभव असा की ते अशा मागणीने दुखावले जात नाहीत, उलट खूश होऊन चार फोटो जास्तच पाठवतात.

सांगलीच्या एका ओळखीच्या गृहस्थांना गेल्या महिन्यात त्याच माणसाकडून संचाचा प्रस्ताव आला, त्या वेळी नाव होते ‘आयएनएस दिल्ली’. निवड पुन्हा हुशारीची आहे: ‘दिल्ली’ म्हणजे १९३९ मध्ये रिव्हर प्लेटच्या लढाईत लढलेली ‘अकिलीस’ ही क्रूझर, आणि तिची लांबी ‘म्हैसूर’च्या लांबीशी इतकी मिळतीजुळती आहे की नुसती पट्टी लावून भेद कळणार नाही. टरेटही चार असल्याने पिशवीतला चौथा टरेट या वेळी खटकणार नाही. पण ‘दिल्ली’च्या प्रत्येक टरेटमध्ये दोनच तोफा होत्या आणि तिला धुराडे एकच होते. माझ्याकडे आलेल्या खोक्यात टरेट तीन-तीन तोफांचे आहेत आणि धुराडी दोन आहेत.